हळद उतरेपर्यंत

मी, सौ. रंजना मंगेश हरड, वय ३१ वर्षे, धंदा घरकाम व शेती, रा. नारिवली, ता. मुरबाड, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मयत संदेश धाऊ भेरे, वय २६, हा माझा सख्खा धाकटा भाऊ. माझे माहेर किन्हवलीजवळ आहे. संदेश कल्याणला गॅरेजात कामाला होता. तिथे त्याला गर्दची सवय लागली. सुई टोचून घेत असे. गेल्या वर्षी, सन २००७ मध्ये, मी त्याला कल्याणच्या उपचार केंद्रात नेले. तिथे रोज कामाआधी नर्सबाईंसमोर एक गोळी जिभेखाली विरघळवायची असते. घरी नेऊ देत नाहीत. त्या गोळीने तो माणसात आला. पुन्हा गर्दला शिवला नाही. अंग भरले, लग्न ठरले.

मंगळवारी हळद लागली. आमच्यात लग्नानंतरची पूजा होऊन हळद उतरेपर्यंत नवऱ्याने गावाची शीव ओलांडायची नसते. मी वडिलांना म्हटले, गोळीपुरते त्याला जाऊ द्या. वडील म्हणाले, "हळदीच्या पोराला शीव वलांडून देनार नाय. बाधा झाली तं? दोन दिस गोळी नाय खाल्ली तं कोन मरतं काय?" नवरीकडच्यांना कळेल म्हणून मला मोठ्याने भांडताही येईना.

बुधवारी आमच्याच मांडवात लग्न लागले. संदेशला घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी. बाया हसल्या, "गो बाय, नवरी रडायची तं नवराच रडतंय!" तो मला म्हणाला, "ताय, हाडां फुटतात गो." मी त्याचे पाय चेपले. दुसरे काही करता आले नाही.

गुरुवारी सकाळी मीच कल्याणला गेले. नर्सबाई म्हणाल्या, गोळी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, त्यालाच आणा. तशीच परत आले. मांडवात पूजेची मांडणी चालू होती. संदेश गोठ्यामागे पडलेला होता, हाताजवळ सुई व पुडी. नवरी रेश्मा पदराने त्याचे तोंड पुसत होती. गोळी सोडून जुन्या मापाने गर्द घेतली तर जीव जातो, हे नर्सबाईंनी आम्हाला आधीच बजावले होते. पुडी कोणी आणून दिली ते मला माहीत नाही.

वडिलांनी कोणावर संशय नाही असे सांगितले आहे. मला वडिलांचा राग आहे, तो लिहून घ्यावा.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'मयत गर्दचा व्यसनी होता' असे होते, ते मी खोडायला लावले. त्या जागी 'मयताचे औषध चालू होते, ते आम्ही तोडले' असे लिहून घेतले आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.