रेडिओवर घेतलेले नाव

दि. १३ मे २०२५, सकाळी ११.३०

माझे नाव निंबा कौतिक बोरसे, वय ६७, धंदा मंडप व लाउडस्पीकर भाड्याने देणे, डीजे आल्यापासून बंद, राहणार रेल्वे स्टेशनच्या मागे, चाळीसगाव, जि. जळगाव. मी आज आपण होऊन ठाण्यात आलो असून कोणाच्या दडपणाखाली नसताना खालीलप्रमाणे सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी शेवंताबाई ही ९ मार्च रोजी मयत झाली. तिचे माहेर धुळे तालुक्यातले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझे नाव एकदाही घेतले नाही. हाक मारायची तर 'आयकं का' एवढेच म्हणायची. मी शेकडो लग्नांत नव्या नवरीच्या तोंडापुढे माईक धरून उखाणे वदवून घेतले, पण घरात माझी डाळ शिजली नाही. मी फार मागे लागलो की ती म्हणायची, घरमां कोण लेस नाव, म्हणजे घरातल्या घरात कोण नाव घेतं.

येथील कॉलेजात मुलामुलींनी चालवलेले रेडिओ केंद्र आहे. दर बुधवारी दुपारी दोन वाजता गावातल्या बायकांचा कार्यक्रम असतो. १२ फेब्रुवारी रोजी शेजारणींनी शेवंताबाईला तिथे नेले. त्या दिवशी मी धुळ्याला एका ओळखीच्या लग्नात जुने भोंगे लावायला गेलो होतो. कार्यक्रमात डिंपल नावाच्या मुलीने तिला नाव घ्यायला लावले व तिने घेतले, असे मला परत आल्यावर गल्लीने सांगितले. मी ऐकले नाही. ते केंद्र चाळीसगाव व आसपासच्या पाच-सात खेड्यांतच लागते.

मी घरी येऊन म्हटले, मी होतो धुळ्याला, मला काही ऐकू आले नाही, आता परत घे. तिने मानले नाही. मी आयुष्यभर तिची थट्टा केली, त्यामुळे हीसुद्धा थट्टाच, असे तिला वाटले. ती म्हणाली, "खोटं नका बोलू. तुम्ही आयकेल शे." त्यानंतर पंचवीस दिवसांनी ती गेली. मला ते ऐकायचे होते. दुसरे काही कारण नाही.

५ मे रोजी मी कॉलेजात गेलो. केंद्र सांभाळणारा योगराज हा विद्यार्थी भला आहे. त्याने कॉम्प्युटरच्या टीव्हीवर, ज्याला हवालदारसाहेब मॉनिटर म्हणतात, एक हिरवी रेघ दाखवली. वरखाली होणारी. म्हणाला, आबा, हा अक्कांचा, म्हणजे शेवंताबाईचा, कार्यक्रम. त्या वेळी दुसरा कार्यक्रम चालू असल्याने आवाज लावता येत नव्हता. नक्कल द्यायला सरांची सही लागते, सर पेपर तपासायला जळगावला, सोमवारी या, असे तो म्हणाला. मी रेघेवर बोट ठेवून बघितले. काच गरम होती.

काल सोमवारी दुपारी साडेतीन वाजता मी परत गेलो. खोली उघडी होती, आत कोणी नव्हते. सर आले नव्हते. भिंतीवर कागद होता की तीन महिन्यांपूर्वीचे कार्यक्रम आज पाच वाजता पुसण्यात येतील. मी वायरी काढल्या, तो टीव्ही उपरण्यात बांधला आणि सायकलच्या कॅरिअरला लावून घरी नेला. कोणी अडवले नाही. चोरी करायची नव्हती, पण विचारलेही नव्हते, हे कबूल आहे.

शेजारीच मोठा डबा होता, त्यात सगळे असते, हे मला साहेबांनी आज सांगितले. आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये काटा हलतो त्याच पेटीतून आवाज निघतो. चाळीस वर्षे मी तेच बघितले. म्हणून रेघ जिथे हलली ती पेटी मी उचलली.

घरी वीज जोडल्यावर त्यावर इंग्रजी अक्षरे आली. शेजारच्या भाईदासला बोलावले. त्याने वाचून सांगितले, नाना, सिग्नल नाही म्हणतोय. मी तो बंद केला व पुसून ठेवला. रात्री जेवलो नाही. सकाळी आणून ठाण्यात जमा केला. काचेला ओरखडा नाही, खात्री करून घ्यावी.

सदर जबाब चालू असताना डिंपल व योगराज ठाण्यात आले. टीव्ही नसल्याने काल पुसायचे काम झालेच नाही, असे योगराजने सांगितले. डिंपलने अक्कांचा कार्यक्रम मोबाईलवर उतरवून आणला होता. साहेबांनी परवानगी दिली. तिने लावला. शेवंताबाईचा आवाज आहे, मी ओळखतो. तिने घेतलेले नाव पुढीलप्रमाणे:

"गावभर वाजे भोंगा, घरमां नही आवाज,
निंबाजीरावनं नाव लेस पहिल्यांदाच आज."

मला निंबाजीराव कोणी म्हणत नाही. वर नाव निंबा लिहिले आहे ते तसेच राहू द्यावे.

त्यानंतर बायका हसतात. मग शेवंताबाई विचारते, "हाई धुळालोंग ऐकू जाई का, माय?" त्यावर डिंपल म्हणते, "हो अक्का, धुळ्यापर्यंत जाईल. काका ऐकत असतील."

इथे डिंपलने मोबाईल बंद केला व ती रडू लागली. अक्कांना बरं वाटावं म्हणून बोलले, असे ती म्हणाली. हवालदारसाहेबांनी लिहिणे थांबवले होते. मीच म्हटले, लिहा.

या मुलीबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मंडपात वधूबाप विचारायचे, निंबाभाऊ, मागपर्यंत ऐकू जाते ना? मागचे दोन भोंगे बंद असले तरी मी हो म्हणायचो. कोणाचे काय राहून गेले, मी कधी मागे जाऊन बघितले नाही.

कॉलेजला माझ्यामुळे त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. ती नक्कल मला मिळावी एवढी विनंती आहे. सही लागत असेल तर मी सरांसाठी थांबतो.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तिचे बोलणे आले तिथे त्यांना मी पुन्हा वाचायला लावले. मी सांगितले तेच लिहिले आहे. मला सगळे ऐकू आले.

सही: निंबा कौतिक बोरसे