हाड जुळलंय ते सांगू नका

तिथं नाही, आपा, जरा खाली—हां, तिथं. तिथं दुखतं. म्हणजे दाबलं की दुखतं. न दाबताही दुखतं. असं बघू नका ना माझ्याकडे! बूरुल आपा, तुमच्या बोटांना हाडाचं सगळं कळतं हे या खोऱ्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर काढलं तेव्हा तिथला डॉक्टरच म्हणाला, आता चालायचं कधी ते तुमच्या त्या म्हातारीला विचारा—म्हातारी तो म्हणाला, मी नाही. पण कळलेलं सगळं लगेच बोललंच पाहिजे असं थोडंच आहे? आधी ते दार लोटून घ्या. सासूबाई अंगणात लोकर पिंजत बसल्यात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सुईत दोरा ओवता येत नाही, पण कान? कान अजून विशीतले आहेत त्यांचे.

बसा अशा. चरबी सावकाश चोळा, घाई नाही. मला तर नाहीच. एकाहत्तर दिवस झाले आज. मार्चमध्ये अंगणात बर्फावर घसरले ते—सांगितलंय ना तुम्हाला? विहिरीकडे निघाले होते, हातात बादली, पाय सटकला. साधी गोष्ट. कुणाचाही सटकतो. तर मी काय म्हणते, नऊ दिवसांनी आमचं बिऱ्हाड वर कुरणावर निघतंय. ट्रक सांगून ठेवलाय, तंबूचे लोकरी नमदे उन्हात टाकलेत, एर्मेक—माझा नवरा हो, त्याचं नाव मी घेते, घरातल्या मोठ्यांसमोर नाही घेत—एर्मेक रोज सकाळी दारात उभा राहून माझ्या पायाकडे बघतो. पायाकडे, माझ्याकडे नाही. यंदा अकरा घोड्या व्यायल्यात. अकरा! दर दोन तासांनी धार. एक गुडघा जमिनीला टेकायचा, दुसऱ्यावर कासांडी, घोडीच्या मागल्या पायाला हाताचा वेढा घालून बसायचं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सहा वेळा. मध्ये ते दूध आंबवून कुमीस घुसळायचं, मध्ये पाव, मध्ये पाहुणे. एकोणीस उन्हाळे केलं मी, आपा. तक्रार नाही. तुम्हीही केलंयत, सगळ्याच करतात. पण घरात तुमचा शब्द चालतो. तुम्ही बाहेर जाऊन म्हणालात, ‘अजून महिनाभर टेकवू नका पाय’, तर एर्मेक तोंडातून ब्र काढणार नाही. एक महिना. महिनाच मागतेय. मी इथं खाली राहीन, बटाट्यांना पाणी सोडीन, आणि—

आणि काय? काही नाही.

बरं, ते उशीखाली दिसलंच तुम्हाला. पुस्तक आहे. जाड आहे, हो. सहाशे चाळीस पानं. सामूहिक शेतीचं वाचनालय मोडलं ना, तेव्हा माझ्या माहेरच्यांनी तीन पोती पुस्तकं उचलून आणली होती, चुलीला. दोन पोती जळली. तिसऱ्यातली मी लग्नात पेटीच्या तळाशी, उशांच्या अभ्र्यांखाली घालून आणली. सासूबाईंना वाटलं, बघा, पेटी किती जड आहे, माहेर चांगलं आहे! मी शहरात दोन वर्षं शिकले होते, शिक्षिका होणार होते. राहिलं. पण वाचायचे हं मी. दूध उतू जायच्या आत दोन पानं. भट्टीत पाव भाजेपर्यंत तीन. याच पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी पाच वेळा वाचलंय, कारण पुन्हा हातात येईपर्यंत मागचं विसरायचे. मला वाटायचं वाचन म्हणजे असंच, चोरून, अर्धा कान बाहेर. ‘साल्कीन! चहा!’ अशी हाक आली की मिटायचं आणि धावायचं. त्या दिवशीही तशीच हाक आली, पाहुणे आले होते, मी घाईघाईनं शिडीवर पाय टाकला आणि—

...

बर्फावर. बर्फावर घसरले म्हणाले ना मी?

नका हो दाबू. कळलं. बर्फावर घसरणाऱ्याचं हाड असं मोडत नाही, हेच म्हणायचंय ना? उंचावरून पडल्याचं हाड वेगळं असतं. पहिल्या दिवशीच ओळखलंत आणि दहा आठवडे गप्प बसलात होय? मग ऐका. गोठ्यावरच्या माळ्यावरून पडले. गवतात बसून वाचत होते. पाहुण्यांसमोर चहा थंड होत होता आणि सून माळ्यावर, सदतीस वर्षांची बाई, गवतात पाय सोडून बसलेली. हे कुणाला सांगू? म्हटलं, बर्फ. बर्फ बिचारा काय बोलतोय. पुस्तकही खाली पडलं होतं, शिडीपाशी. दवाखान्यातून मला आणून इथं निजवलं तर उशाशी होतं—पुसलेलं, गवताची काडी काढलेली. सासूबाईंनी ठेवलं. मी समजले, हा टोमणा आहे. बरी होऊ दे, मग बघते म्हणताहेत.

पहिले चार दिवस मी नुसती हाकेची वाट बघत होते. दोन पानं झाली की कान आपोआप ताठ. पाचव्या दिवशी लक्षात आलं, आपा, की हाक येणारच नाहीये. मोडक्या पायाच्या बाईला कोण चहा मागणार? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा चहा दुसऱ्या कुणी आणून दिला. आणि मी झोपले. खोटं कशाला बोलू, वाचायला घेतलं आणि पुढचा आठवडा पुस्तक छातीवर ठेवून नुसती झोपले. इतकी दमणूक आत साचलेली असते हे निजल्याशिवाय कळत नाही बघा. अजून पुरती गेली नाही. आता बोलतेय तीही दमूनच बोलतेय.

मग वाचलं. सकाळच्या चहापासून ऊन या गालिच्यावरून त्या चुलीपर्यंत सरकेपर्यंत वाचलं. आणि हळू वाचलं—हळू वाचायला परवानगी असते हे मला माहीतच नव्हतं! एक वाक्य वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, आढ्याकडे बघत राहायचं. त्यात एक माणूस आहे, कालव्याचं पाणी वाटणारा. दोन गावं, आणि पाणी एकापुरतं. चाळीस पानं तो नुसता विचार करतो, कुणाला द्यायचं. चाळीस पानं! माळ्यावर असते तर उड्या मारत पुढं गेले असते. इथं मीही त्याच्याबरोबर चाळीस पानं विचार केला. भांडले त्याच्याशी. मोठ्यानं म्हणाले, ‘अरे, वरच्या गावाला दे ना, त्यांची पोरं बघ!’ आणि पुढं त्यानं काय केलं, का केलं ते वाचलं, तेव्हा कळलं की चूक माझीच होती. इतका आनंद झाला मला! या घरात मी दिवसातून दहा वेळा चुकते, आपा, पण चुकल्याचा आनंद कधी झाला नव्हता. कुणीतरी आपल्याला एवढं मोठं समजून, एवढं सावकाश, काहीतरी पटवून देतंय—हे सुख माहीत नसताना मी म्हातारी होऊन मेले असते.

हसताय? हसा. सासूबाईही सुरुवातीला हसल्या. ‘पाय मोडलाय म्हणे, डोळे बरे धावतात!’ असं दारातून म्हणाल्या. मग लोकर घेऊन आत येऊन बसल्या, का, तर म्हणे इथं ऊन चांगलं येतं. अंगणात काय सावली होती का? ‘एवढं काय लिहिलंय त्यात?’ म्हणाल्या. मी मुद्दाम, त्यांना कंटाळा यावा म्हणून, एक पान मोठ्यानं वाचलं. त्या म्हणाल्या, ‘पाणी वाटणाऱ्याला अक्कल कमी आहे.’ झालं. दुसऱ्या दिवशी लोकरीची टोपली टेकवायच्या आधीच, ‘मग? दिलं का पाणी?’ तेव्हापासून रोज. निम्मं पुस्तक त्यांना वाचून दाखवलंय मी. पण अडचण बघा काय—त्या पाणी वाटणाऱ्याचं नाव. माझ्या सासऱ्यांचंच नाव हो! आता ते मी तोंडातून कसं काढू? दर ओळीला त्याचं नाव, आणि मी आपली म्हणतेय ‘तो पाणीवाला’, ‘तो मोठा माणूस’. एक दिवस सासूबाई वैतागल्या. ‘त्याला आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं का?’ म्हटलं, ‘ठेवलंय, आई, घेता येत नाही.’ ‘का?’ ‘तुमच्या घरधन्याचं आहे.’

त्यांचं पिंजणं थांबलं. लोकर तशीच हातात. सासरे जाऊन सहा वर्षं झाली आणि त्याआधी त्रेचाळीस वर्षांचा संसार. एकदाही नाव घेतलं नव्हतं त्यांनी. मला वाटलं, आता उठून जातील. तर त्या भिंतीकडे तोंड करून, हळूच, ते नाव म्हणाल्या. एकदा. परत एकदा. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी नेहमीच्या आवाजात—‘वाच. नावासकट वाच. माणसाचं काय चाललंय ते मला नीट कळलं पाहिजे.’

नाही, तुम्हाला नाही सांगणार मी नाव. या खोलीत, त्या असताना, वाचतानाच घेते फक्त.

दोनशे दहा पानं उरलीत, आपा. वर गेले की संपलं. तिथं अकरा घोड्या आणि मी. म्हणून मागतेय महिना. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, ठाऊक आहे. हाड जुळलंय हेही मला ठाऊक आहे—पहाटे सगळे निजलेले असताना मी भिंतीला धरून चुलीपर्यंत जाते, गेले बारा दिवस. परवा भिंतही सोडली. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. काय? अहो, काय झालं एवढं मान हलवायला?

परत सांगा.

फाटकापाशी? कोणी थांबवलं—सासूबाईंनी? तुम्हाला? ‘पोरीचा पाय अजून महिनाभर कच्चाच आहे म्हणा’—असं म्हणाल्या त्या? त्यांच्या तोंडून? अरे देवा. ‘पुस्तक संपेपर्यंत’ म्हणाल्या? थांबा, मला हसू आवरेना. म्हणजे मी तुम्हाला इथं अजीजी करतेय आणि त्या आधीच तिकडे... कुमिसाची बाटलीही दिली? कुमिसाची! गेल्या वर्षीचं शेवटचं जपून ठेवलेलं असणार ते. आणि घोड्यांचं? घोड्या कोण बघणार म्हणाल्या?

मीरिम.

मीरिम बघेल म्हणाल्या.

नातीला, माझ्या लेकीला, विचारलं का त्यांनी? नाही, मी तुम्हाला नाही ओरडत. पण मीरिमची शाळेची शेवटची परीक्षा पाच जूनला सुरू होतेय, आपा, आणि ती झाली की शहरातल्या कॉलेजची. बिऱ्हाड त्याआधी हलतंय. ठरलं होतं—ती खाली मावशीकडे राहणार, परीक्षा देणार. वर नेली तर झालं, एकदा वर गेलेली मुलगी खाली कोण आणून सोडतंय? पुढल्या वर्षी देईल म्हणतील. मलाही तेच म्हणाले होते. मी इथं निजून महिना मागत होते ना, तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की ही जागा कुणीतरी भरणार. खरंच नव्हतं आलं? तुमच्या बोटांसमोर कशाला लपवू—आलं होतं. एकदा आलं होतं. मी पान उलटलं.

पाणी वाटणाऱ्यावर मी रागावते. बघा.

राहू द्या ती पट्टी. पुरे चोळणं. नाही, दुखत नाही. कधीचं नाही दुखत. दमायला होतं, ते वेगळं. मला एकच सांगा, आणि खरं सांगा, सुनेची बाजू नाही, सासूची नाही, हाडाची: धार काढून झाली की या पायाला काय लागेल? ... उशीवर? लांब करून? किती वेळ—दुपारच्या धारेनंतर तास-दीड तास, रोज, नाहीतर सुजेल? हे खरं आहे? माझ्यासाठी जुळवून नाही ना सांगत? म्हणजे तुम्ही हे असंही सांगणारच होतात! आणि मी अर्धा तास इथं स्वतःची लाज काढत बसले. तुम्ही तरी ना, आपा. तोंडात गुळणी धरून बसता.

दीड तास रोज. वर उजेड चांगला असतो दुपारी. आणि लोकर तिथंही पिंजता येते.

नाही, तुम्ही उठू नका. तुम्ही बाहेर जाऊन सांगणार, मग त्या म्हणणार मी तर वेगळंच सांगितलं होतं, मग एर्मेक दोघींकडे बघणार. मी जाते. मीच सांगते त्यांना. चालत जाते, म्हणजे बोलायला कमी लागेल. हात नको. म्हटलं ना नको—हं. उभी राहिले. बघितलंत? जरा चक्कर आली, ती उठल्याची. मीरिमचं त्यांना मी एकदम नाही सांगणार, आधी शेजारी बसेन, लोकर घेईन हातात. त्या वाईट नाहीत. त्यांना फक्त शेवट ऐकायचाय.

तुम्ही इथंच बसा, आपा, येईपर्यंत. आणि पुस्तकाला हात लावलात तरी चालेल, पण पानात घातलेली ती खूण तेवढी काढू नका.