दूध सोडून सगळं बंद

अगं, माझ्या थोरल्याच्या वेळची गोष्ट. तेव्हा आम्ही सुरतेला, उधन्यात राहायचो. पोर अंगावर प्यायचं आणि गालांवर, मानेवर लाल चट्टे उठायचे. सासूबाई म्हणाल्या, "वांगं सोड." शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "शेंगदाणा बंध करो." गल्लीतल्या डॉक्टरांनी तर अंगावरचं तोडून डब्याचं दूध द्यायला सांगितलं. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. मग मी नुसत्या भातावर आणि म्हशीच्या दुधावर राहिले. दूध प्यायल्यानं दूध येतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

चट्टे वाढलेच. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला विचारलं, "तुम्ही काय खाता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंगावर पाजत राहा. सगळं खा. फक्त ते म्हशीचं दूध थोडे दिवस सोडून बघा."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. पेला त्याच भरून द्यायच्या ना! घरी येऊन त्यांनी भरीत-भाकरी केली, ताट पुढं सरकवलं. "आते पोटभर खाय, माय." पहिल्याच घासाला मला रडू फुटलं.

चट्टे हळूहळू गेले. पुढं कुणीही सल्ला द्यायला आलं, की सासूबाई दारातूनच सांगायच्या, "अभी बहू जेवती है, बाद में आना."