उलटं वल्हवणारा भागोजी

...नाही, पण मी म्हणतो, माड कमरेत वाकतायत, होड्या सगळ्या वर ओढून ठेवल्यात, आणि आमचा शेजारी भागोजी निघाला पूर्णगडच्या पाण्यात! लेकानं मुंबईहून धाडलेली पिवळी प्लॅस्टिकची होडी, एका माणसापुरती, तीत हा पाय पसरून बसलेला. मी किनाऱ्यावरून ओरडतोय, 'अरे वारा बघ!' तर म्हणतो कसा, 'वारा गेला उडत!'

तुम्हाला सांगतो, सगळं त्या एका बोलण्यापायी. भागोजीची उभी हयात मालवाहू बोटींवर गेली, इंजिनाच्या खोलीत. आणि मथुरावहिनी आदल्या दिवशी चारचौघांत बोलून गेल्या, 'ह्यांचा जन्म दर्यावर गेला, पण घरात मासा आला तो टोपलीवालीकडूनच.' झालं! लागलं ना ते नवऱ्याला! 'स्वतः धरलेला मासा आणीन, नायतर ह्या घरात जेवणार नाय.' आता ह्या वयात उपाशी राहायचं? मग गोळ्या कशावर घ्यायच्या, वाऱ्यावर? सांगून बघितलं. 'वारा गेला उडत!'

तर गरीची, म्हणजे गळाची, दोरी होडीला बांधून पाण्यात सोडलेली, आणि वाऱ्यानं होडी गरागरा फिरवत नेली ती थेट सोनूबाईनं वारा सुटायच्या आधी टाकलेल्या रापणीत! म्हणजे अर्धा गाव किनाऱ्यावरून दोर धरून ओढतो ना, त्या लांबलचक जाळ्यात. गरी अडकली जाळ्याला, आणि हा तिकडून बोंबलतोय, 'लागला रे! मोठा लागला!' अहो, कसला मोठा? गाव लागलाय तुझ्या गरीला! आम्ही इकडे ओढतोय, हा तिकडे वल्हवतोय... 'दोरी काप, भागोजी!' 'वारा गेला उडत!' अरे, वाऱ्याचं कोण बोलतंय आता?

शेवटी जाळं आलं, बांगडे तडफडतायत, त्यांच्यामागून होडी, आणि होडीत भागोजी, अजून वल्हवतोय... वाळूत!

आता रापणीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, ही रीत. सोनूबाईनं बांगडे पुढे केले. हा ताठ. 'मी नाय ओढलं. मी उलटा वल्हवत होतो.'

'म्हणून तर जाळं ताणून राह्यलं, मेल्या. नायतर अर्धे निसटले असते. घे, दोन वाटे घे.'

भागोजीनं दोन्ही वाटे उचलले. मग छाती काढून म्हणतो, 'म्हणजे मीच धरले.' आणि घरी जाऊन जेवला! वहिनींनी त्याच बांगड्यांचं तिखलं करून वाढलं. माणूस जिवंत परत आला, ह्यातच सगळं आलं त्यांना.

आता काय बोलायचं? रापण लागली की सोनूबाईचा निरोप येतो, 'भागोजी, उलटं वल्हवायला चल.' आणि हा जातो! आम्ही हाताची सालं काढत सरळ ओढतो, आम्हाला एक वाटा... त्याला दोन.