उतरलेली बॅटरी

बॅटरीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्यानं बोटीची बॅटरी लेकरासारखी कडेवर घेतली होती.

“विचारलं तर सांग, आपोआप उतरली.”

“आपोआप? इंजिन बंद ठेवून दिवसभर फ्रीज कोणी चालवला? वर गाणी, पंखा!”

“तुझ्या आईलाच उकडत होतं.”

“म्हणून इंजिनाच्या बॅटरीवरच सगळं? निघायच्या वेळी इंजिनानं हूं की चूं केलं नाही. शेवटी आईनं वल्ही मारत आपल्याला काठाला आणलं.”

“मजा आली म्हणाल्या त्या.”

“ते तुम्हाला. मला म्हणाली, जावई बदलून मिळतो का बघ.”

“खरंच?”

तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, “बोला ताई, काय बदलायचंय?”

तिनं नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

“सध्या बॅटरीच बदलू.”