फर्दापूर आलं की हात

...नाय, पण मला एक सांगा, हवेत हात मारून कुणाचं काय भलं झालंय का आजवर? तुम्हीच सांगा! बत्तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं ह्या हातांनी, डेपोतून निघायचं अन् फर्दापूरला जाऊन टेकायचं, चौक्याचा घाट, पाऊस, धुकं, म्हशी आडव्या, वऱ्हाडाचे टेम्पो आडवे, गाडीला साधा ओरखडा नाय... अन् अडुसष्टाव्या वर्षी एक एवढीशी डॉक्टरीण मला म्हणती, "आबा, तुम्ही जरा गप्प बसता का? ती हवेत हात मारतीये ना, मारू द्या तिला." मारू द्या म्हणं! अन् मी बसलो की गप! ज्या मोतीराम साळव्याला डेपो मॅनेजर गप करू शकला नाय, तो कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर नातीची पाण्याची बाटली घेऊन गप!

थांबा, असं नाय कळायचं. पहिल्यापासून सांगतो.

नात माझी, विशाखा. आठ वर्षांची. आकाशची पोरगी, आकाश म्हणजे माझा पोरगा, वाळूजला कंपनीत हाय, अन् सून संध्या घाटी दवाखान्यात नर्स. पोरगी ऑटिझमवाली, मराठीत स्वमग्न म्हणतात. बोलती, पण मोजकं. 'नको' येतं, 'अजून' येतं, अन् एक गोष्ट पक्की पाठ, ती म्हणजे माझा रूट! लहानपणी रडायची तवा मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचो अन् गावं म्हणायचो, चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर... फर्दापूर येईस्तोवर पोरगी झोपलेली! दुसऱ्यांच्या घरात अंगाई असती, आमच्यात टाइमटेबल. अन् संध्याकाळी मी पायरीवर चहा घेत बसलो, की ही यायची, माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. बोलणं नाय, बघणं नाय. नुसती पाठ. तुम्हाला सांगतो, चहा गार व्हायचा पण मी हलायचो नाय.

आता आमची गल्ली, भावसिंगपुऱ्यातली, म्हणजे सल्ल्यांचं कोठार. शेजारच्या भामाबाई, मनानं सोनं, पण तोंड? "अवो दादा, पोपटानं टोचलेला पेरू चारा पोरीला, घडाघडा बोलती का नाय बघा!" मी म्हणलं, भामाबाई, आमच्या घरात असलं काय चालत नाय, आम्ही बुद्धीनं चालणारी माणसं. ठणकावून सांगितलं! अन् दुसऱ्या दिवशी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौलताबादच्या रस्त्याला एका पेरूच्या बागेत, मान वर करून, पोपटाची वाट बघत उभा! दीड तास! माळी म्हणतो, "क्या चाचा, कुछ गिर गया क्या?" म्हणलं, नाय रे बाबा, पडायची वाट बघतोय. आणला पेरू. भिंतीवरच्या बाबासाहेबांकडं पाठ करून चिरला. पोरीनं खाल्ला, हात पुसले, अन् म्हणली, "अजून." बास. एवढंच घडाघडा!

पण खरी चूक पेरूची नाय. खरी चूक चेंडूची.

गल्लीतल्या पोरी लगोरी खेळायच्या, अन् हिला पायरीवर बसवून ठेवायच्या. का? तर हिला चेंडू झेलता येत नाय. चेंडू आला अन् गेला, मग हिचे हात उघडणार! पोरी म्हणायच्या, "आबा, विशूला नका ना पाठवू, आमचा डाव जातो." माझ्या काळजात कसं झालं असंल? गेलो शहागंजला, चांगला लाल रबरी चेंडू आणला, अन् म्हणलं, मी शिकवतो! बत्तीस वर्षांत सतरा जणांना गाडी शिकवली, चेंडू काय चीज हाय! "पकड विशू! बघ चेंडूकडं! बघ म्हणतो ना! पकड!"... अन् टाकला.

नाकावर बसला.

रक्त आलं हो. पोरगी दोन्ही कानांवर हात ठेवून अशी किंचाळली की आमची केसरबाई पिठाच्या हातानं पळत आली, अन् माझ्याकडं असं बघितलं... बेचाळीस वर्षांच्या संसारात तसं बघितलं नव्हतं. नाक दोन दिवसांत बरं झालं. पण विशाखा माझ्याजवळ यायची थांबली. मी पायरीवर बसलो, की ती आत. सात महिने! सात महिने माझी पाठ रिकामी. चहा गरम प्यायला मिळायचा, अन् अर्धा कप तसाच राहायचा.

मग संध्या एक दिवस म्हणली, "मामा, सिडकोत फिजिओथेरपीच्या कॉलेजात एक मॅडम अभ्यास करतायत. अशी मुलं हातांची हालचाल कशी शिकतात, त्याच्यावर. दहा वेळा न्यायचंय. मला ड्युटी असते, तुम्ही न्याल?" म्हणलं, ती माझ्यासंगं येईल का? संध्या म्हणली, "बसनं न्या, येईल." बघा सुनेचं डोकं! बस म्हणल्यावर आली की! माझ्या शेजारी नाय बसली, पुढच्या सीटवर बसली, पण आली.

तिथं ह्या उमा मॅडम. बारीक, चष्मा, पायात स्लीपर. मोठा पडदा. पडद्यावर चार गोल, एकाखाली एक, अन् वरून रंगीत बुडबुडा येतो, एकेका गोलातून खाली, शेवटच्या गोलात आला रे आला की हात मारायचा. आधी नाय, नंतर नाय, बरोब्बर तवाच. आता ह्याच्यात दोन तऱ्हा. काही पोरांना समोर खरं बटण, दाबायचं, टक! अन् काही पोरांना बटण-बिटण काय नाय, पडद्यासमोर उभं राहून नुसता हवेत हात, अन् कॅमेरा बघतो! कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून. अन् आमच्या पोरीला काय निघावं?

हवा!

म्हणलं, मॅडम, हे काय? बटण द्या की पोरीला! हाताला काय तरी लागू द्या! हवेत हात मारून कुणाचं काय भलं झालंय का?

मॅडम हसल्या. "आबा, हाताला काही लागत नाही म्हणूनच ते अवघड आहे. अंदाज सगळा डोक्याला घ्यावा लागतो. खूप चुका होतील तिच्या. पण अवघड शिकल्यावर खरं बटण, खरी वस्तू सोपी जाते का, तेच मला बघायचंय."

"अन् जाती का?"

"माहीत नाही," म्हणली.

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीतून उठायलाच लागलो होतो, तो बसलो. आठ वर्षांत आम्ही किती उंबरे झिजवले, ज्याला त्याला सगळं माहीत! हे औषध, तो अंगारा, अमका उपवास, तमका मसाज, तीन महिन्यांत पोरगी शाळेत पहिली! अन् ही पहिली बाई भेटली जी सरळ म्हणती, माहीत नाय, शोधतीये. अन् पोरीकडं बघून विचारती, "विशाखा, तुला आवाज बंद हवाय का?" पोरीला विचारती! आम्हाला नाय! पोरगी म्हणली, "बंद." केला बंद.

पण पहिले तीन दिवस? काय सांगू! बुडबुडा खाली येऊन फुटून गेला, मग हिचा हात उठायचा. नायतर बुडबुडा वर असतानाच फटाफट! मी खुर्चीतून, "विशू, आता! नाय, आता! अगं आत्ता मार!" अन् तवाच ते मघाचं, आबा, तुम्ही जरा गप्प बसता का. अन् वरून म्हणती, "तुम्हीच एकदा करून बघा." म्हणलं, बघतो की! त्यात काय! बत्तीस वर्षं ब्रेक मारलाय मी! उभा राहिलो, छाती काढली... विसातले तीन. तीन! त्यातला एक तर माशी हाकलताना लागला. घामाघूम झालो, अन् मागून आवाज आला, खिक्.

वळून बघतो तर विशाखा. तोंडावर दोन्ही हात. हसत होती. मला हसत होती! सात महिन्यांनी माझी नात माझ्याकडं तोंड करून हसली, अन् तेही मी नापास झालो म्हणून! मॅडम म्हणल्या, "आबा, अजून एकदा करा." म्हणलं, मॅडम, दिवसभर करतो.

अन् पाचव्या दिवशी. मॅडमनी मला हळूच बोलावलं. "आबा, ही हल्ली काहीतरी पुटपुटते आणि मग हात मारते. बघा जरा. प्रार्थना आहे का काही?"

मी जवळ गेलो. कान दिला. वरून बुडबुडा निघाला. पहिला गोल, "सिल्लोड." दुसरा, "गोळेगाव." तिसरा, "अजिंठा." अन् चौथ्याला पोरीचा हात, सप्पकन, "फर्दापूर!"

परत. सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर! परत! आता सुटणारे कमी, लागणारे जास्त! विसातले चौदा, मग सोळा...

मॅडम विचारतायत, "काय आहे ते?" म्हणलं, प्रार्थना-बिर्थना नाय मॅडम... रूट हाय माझा. अन् चष्मा काढून पुसत बसलो. पुसत काय बसलो, चष्म्याला काय झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी तिला खरं बटण दिलं. त्या खेळात पहिल्यांदाच. अन् पोरीनं असं दाबलं, जसं काय कंडक्टरनं घंटी मारावी, टिंग, बरोब्बर स्टॉपवर! मी टाळ्या वाजवणार होतो, पण आवाज नको म्हणून दोन्ही हात मांडीखाली घातले. मी म्हणलं, मॅडम, तुमच्या हवेनं केलं हो! आता पोरगी चेंडू पण झेलंल! तर म्हणती कशी, "आबा, लगेच असं नका म्हणू. चाळीस मुलांचं बघून मग मी काय ते म्हणेन. आणि चेंडूचं तर मी काहीच सांगत नाही, ते वेगळं आहे." आता एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला नमस्कार नाय करायचा तर कुणाला करायचा? केला. ती म्हणली, "अहो आबा, हे काय!" म्हणलं, घ्या गुपचूप.

चेंडू मी पेटीच्या मागं फेकून दिला होता. नावच नको. पण गेल्या महिन्यात, संध्याकाळी पाच वाजता, पायरीवर चहा घेत होतो. समोर सावली आली. विशाखा. हातात तो लाल चेंडू, जाळी-बिळी लागलेला. माझ्या चहाशेजारी ठेवला, अन् आठ पावलं मोजून मागं जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढं.

अहो, मी चेंडूला हातच लावंना! चौक्याच्या घाटात ब्रेक कमी लागले होते तवा भ्यालो नव्हतो! म्हणलं, विशू, राहू दे बाई. ती हलंना. म्हणलं, लागंल गं. तर म्हणती, "सिल्लोड."

टाकला. हळू, खालून, फुगा टाकावा तसा. पडला. दुसरा, पडला. तिसरा बोटांना लागून पडला, अन् माझी नजर तिच्या कानांकडं, आता हात जातील, आता जातील... नाय गेले. चेंडू उचलला, आणून दिला, परत आठ पावलं. मग मी पण तोंडानं म्हणायला लागलो, दोघं मिळून, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा...

फर्दापूर! छातीशी! धरला! असा गच्च, जसा काय पळून जाईल!

आतून केसरबाई, "काय झालं वो?" मी नुसतं बोट दाखवलं, बघ! ज्या पोरीनं माझ्या पाठीला पाठ लावली होती, ती समोर उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती, चेंडूकडं बघत होती, पण समोर होती! अन् म्हणली, "अजून."

पोरगी बरी झाली असं नाय हं. ती आजारी नव्हतीच, हे मला आठ वर्षांनी कळलं. लगोरीत आता घेतात, कधी घेतात, कधी नाय घेत. पण तुम्हाला सांगतो, हवेत हात मारून भलं होतं, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा!

फक्त एक झालं. 'अजून'ला शेवट नाय. रोज पाच वाजता, चाळीस चेंडू. एकोणचाळीस चालत नाहीत. वैजापूरला साडूच्या घरी लग्न होतं, अक्षता पडल्या न पडल्या तोच मी बस धरली, लोक म्हणतात म्हातारा रुसला! अन् आता उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणले, पंधरा दिवस हात उचलायचा नाय. मी विशाखाला नीट समजावलं, खांदा दाखवला, पट्टी दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं. अन् चेंडू उचलून माझ्या डाव्या हातात ठेवला.

डाव्या हातानं कधी विडी पेटवली नाय हो मी! परवा टाकला, तो सरळ भामाबाईंच्या वरणात. भामाबाई पळी घेऊन बाहेर, "दादा! पोरगी शिकली, आता म्हाताऱ्याला कोण शिकवणार?"

म्हणलं, "शिकवणं चालू हाय भामाबाई. मास्तरीण चांगली हाय. सुट्टी तेवढी देत नाय."