तारघरातल्या निळ्या बरण्या

अकोल्याच्या तारघरात माझा निरोप मुंबईला जायची वाट बघत होतो. एक शेतकरी कापसाची गाडी दारात सोडून आत आला आणि तारबाबूंमागच्या बरण्यांकडे टक लावून बघू लागला.

"बाबूजी, त्या बरण्यांत निळं काय हाये?"

"मोरचूद. त्यात तांबं नि जस्त बुडवलं की तारेला जोर येतो, पाटील. निरोप पार मुंबईला जातो."

"मंग ह्या जोरावर माही गाडी कावून नाही चालत?"

"निरोपाला वजन नसतं. गाडी ओढायची तर गाडीभर बरण्याच लागतील."

"मंग कापूस कुठी भरू? बरं, थे खाते काय?"

"जस्त. ते झिजून संपलं की बरणी बंद."

"अन् रातभर इसावा देला तं?"

"काही उपयोग नाही. नवं जस्त घालावं लागतं."

"माहा ढवळ्या तं चारा खाऊन इसावला का सकाळी ताजा होते."

"तशी बरणी मी तरी पाहिली नाही."

"निंगन कधी. निंगली का मले सांगजा."

"सांगेन. तुम्हाला तार करायचीय का?"

"नाही जी. ढवळ्याच्या खुरात जखम झाली. चिमूटभर मोरचूद द्या."

"बरणीतलं काढलं तर ह्यांचा निरोप अडेल," बाबू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"निरोप कापसाचाच असन ना? कापूस तं बाहेर ढवळ्यापाशीच अडून राहिला."